बलईदच्या छातीचा पट्टा

बलईदचा दम गेला हे तिझ्रा गावाला कळलं, तो दिवस गुरुवार होता. गुरुवार म्हणजे बाजार. एरवी ही गोष्ट चार मच्छीमारांना कळली असती. त्या दिवशी ती चार गावांना कळली!

सकाळी लाटांवर जायची फळी काखेत मारून तो बुजमाच्या चहाच्या दुकानावरून गेला, तेव्हा त्याची छाती त्याच्या दोन पावलं पुढे चालत होती.

"आज मागच्या खडकापासून लाट धरतो, ती थेट बंदराच्या भिंतीला हात लावूनच उतरतो. बघत बस!"

"तुझ्या वयाची माणसं नातवंडांना बाजार दाखवतात," बुजमा म्हणाला.

"आणि तुझ्या वयाच्या माणसांना चहात पुदिना किती घालायचा ते कळतं!"

बलईद अठ्ठावन्न वर्षांचा. जन्मभर ऑक्टोपस धरले, आता ते मुकाट्याने विकत घेतो. बाविसाव्या वर्षी कोणी परदेशी पाहुणा एक फळी किनाऱ्यावर टाकून गेला होता. ती याने उचलली, आणि तेव्हापासून लाटांचा नाद सोडला नाही. लग्नाच्या दिवशी सकाळीही हा पाण्यातच होता. वऱ्हाड दारात खोळंबलं होतं आणि नवरी तुदा सगळ्यांना सांगत होती, "येतील, येतील. भरती संपली की येतील."

तुदा गेल्या हिवाळ्यात वारली. तेव्हापासून तो पाण्यात जास्त वेळ काढू लागला. घरात बोलायला कोणी नव्हतं, एवढंच. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

तर त्या गुरुवारी. मागच्या खडकापर्यंत पोचायला फळीवर पालथं पडून दोनशे हात मारावे लागतात. एकशेविसाव्या हाताला त्याचा दम संपला. कमी झाला, लागला, असं काही नाही. विजेरीतला सेल संपावा तसा संपला! तो फळीवर गाल टेकून पडला, आणि प्रवाह त्याला सावकाश कॅनरी बेटांकडे घेऊन निघाला.

बेटं काही त्याच्या नशिबात नव्हती. दोन मच्छीमारांनी त्याला बोटीत ओढलं आणि ऐन बाजारासमोर किनाऱ्याला लावलं. आधी ऑक्टोपस उतरवले, मग बलईदला उतरवलं.

"हा किती किलोचा?" कांदेवाल्याने विचारलं.

दुपारच्या नमाजाआधी मराकेशहून मुलीचा फोन आला. मुलगी कल्तूम, शाळेत शिकवते, आणि बापाशीही पाचवीच्या वर्गाशी बोलावं तशी बोलते.

"बाबा, तुम्हाला समुद्रातून काढलं म्हणे!"

"काढलं कसलं? बोटीत बसून आलो. ओळखीचे होते."

"बसून नाही, झोपून आलात. मला एत्तोमावशीने सगळं सांगितलं."

"एत्तो किनाऱ्यावर नव्हतीच!"

"तरी सांगितलं. आता पुरे झालं. मी खोली रिकामी केलीय, नवी गादी घेतलीय. तुम्ही इकडे यायचं."

"मराकेशला समुद्र नाही."

"म्हणूनच!"

आता इथे शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण बलईद म्हणाला, "माझा दम अजून तिशीतल्या पोरांना पुरून उरेल! विश्वास नसेल तर मोजून घे!"

दम मोजायचं यंत्र जगात नसतं, तर वाक्य खपून गेलं असतं. पण ते होतं. तिझ्रातच होतं, बर्फाच्या कारखान्याशेजारच्या गाळ्यात. आणि एत्तोने तेही मुलीला कळवलेलं होतं!

"छान," कल्तूम म्हणाली. "त्या विद्यापीठाच्या माणसाकडून मोजून घ्या. पंधरा दिवसांनी शुक्रवारी मी दहाच्या बसने येते. कागदावर दम चांगला निघाला तर राहा तिथेच. नाही निघाला तर पिशवी भरून ठेवा."

विद्यापीठाचा माणूस म्हणजे नौफल. कासाब्लांकाचा, काडीसारखा, समुद्राकडे नुसतं बघूनही त्याला मळमळायचं. स्पर्धांमध्ये उतरणाऱ्यांचा दम सगळ्यांनी मोजला होता. कामधंदा सांभाळून हौसेने लाटांवर जाणाऱ्यांचा कोणी मोजला नव्हता, तो हा मोजणार होता. गाव त्याला डॉक्टर म्हणे. पहिले तीन दिवस लोकांनी त्याला गुडघे, दाढा आणि एक मेंढी दाखवली.

"मी त्यातला डॉक्टर नाही हो!"

"मग कशातला?"

"दम मोजण्यातला."

"बरं. मेंढीला दमच लागतोय."

गावातले अकरा हौशी त्याने आधीच नोंदवले होते. बलईद बारावा. रीत सोपी होती. छातीला एक पट्टा बांधायचा, तो हृदयाचे ठोके मोजून साठवतो. असा पट्टा बांधून पंधरा दिवसांत दहा तास भरायचे. शेवटी गाळ्यातल्या बाकावर पालथं पडायचं, तोंडाला मुखवटा लावायचा आणि पाणी कापल्यासारख्या दोन्ही हातांनी दोऱ्या ओढायच्या. दर मिनिटाला दोऱ्या जड होतात. माणूस थांबेपर्यंत त्याच्या शरीराने किती ऑक्सिजन वापरला ते यंत्र सांगतं, आणि तोच दमाचा आकडा.

"एक लक्षात ठेवा," नौफलने पट्टा बांधता बांधता बजावलं, "पट्टा आहे म्हणून वेगळं काही करायचं नाही. रोज वागता तसंच वागा."

गावाने ही सूचना अक्षरशः पाळली. घोळ झाला तो तिथेच.

बलईदने तीन तास नेटाने भरले. मागच्या खडकाकडे फिरकला नाही, पण भरले. चौथ्या दिवशी फळी उचलताना खांद्यात अशी लचक भरली, की फळी एकीकडे आणि तो एकीकडे. वर अंगात ताप भरला. तेव्हापासून तो अंथरुणातच होता. शुक्रवारी बुजमा हरीऱ्याचं गरम सूप घेऊन आला, तेव्हा पट्टा खुंटीला लटकत होता आणि बलईद त्याच्याकडे बघत पडला होता.

"किती तास राहिले?" बुजमाने विचारलं.

"सात."

"दिवस?"

"सहा."

"आणि खांदा?"

बलईदने हात वर करून दाखवला. तो कानापर्यंत आला आणि परत गेला.

बुजमाने वाटी खाली ठेवली. "तिवीझी," तो म्हणाला.

एखाद्याचं काम अडलं की सगळ्यांनी मिळून ते उरकायचं, याला तिझ्रात तिवीझी म्हणतात. कोणाचं छत बसलं, कोणाची विहीर बुजली, की घरटी एक माणूस जातो. बलईद तुदाला घेऊन इस्पितळात होता तेव्हा त्याचं सातूचं शेत गावाने असंच कापून, मळून, पोती घरात रचून दिलं होतं.

"अरे, पण यात माझा दम मोजायचाय," बलईद म्हणाला.

"सातू कोणाचा होता? तुझाच ना? कापला कोणी? आम्ही. भाकरी कोणी खाल्ली?"

"मी."

"मग! आणि डॉक्टर काय म्हणालाय? रोज वागता तसंच वागा. आपण रोज कसं वागतो?"

बलईदने वाटी ओढली आणि हरीरा प्यायला घेतला. बुजमाने खुंटीवरचा पट्टा काढला, तेव्हाही त्याने वर पाहिलं नाही.

शनिवारी पट्टा सिफावने बांधला. सिफाव परदेशी पाहुण्यांना लाटांवर उभं राहायला शिकवतो. तिशीचा गडी, अंगाने खांबासारखा. लाटेवर असतानाही त्याचं हृदय दुपारची झोप काढत असतं. एक तास झाला. रविवारी बोट वाळूवर ओढणाऱ्या दोघा भावांत पट्टा कोणी बांधायचा यावरून जुंपली, म्हणून दोघांनी अर्धा अर्धा तास बांधला. भांडणही पट्ट्यात आलं.

सोमवारी एत्तो दारात उभी.

"माझी पाळी कधी?"

"एत्तोताई, तुम्ही समुद्रात जात नाही," बुजमा म्हणाला.

"समुद्रात जायला लागतं काय? दमच ना? तुदा माझी जिवाची मैत्रीण होती, आणि तिच्या नवऱ्यासाठी सगळं गाव दम देणार आणि मी बघत बसणार? आण तो पट्टा!"

एत्तोने पट्टा बांधून दोन तास तेलासाठी आर्गनच्या बिया फोडल्या. पहिला तास शांततेत गेला. दुसऱ्या तासाला सून सहज म्हणाली, की चाळणी शेजारी दिलीय. ती चाळणी एत्तोच्या आईची होती. पुढचा पाऊण तास पट्ट्याने जे सोसलं ते पट्ट्यालाच ठाऊक!

मंगळवारी बुजमाने स्वतः बांधला आणि दुकानात चहा ओतत राहिला. संध्याकाळी टीव्हीवर फुटबॉलचा सामना होता. शेवटच्या मिनिटाला आपल्या माणसाने पेनल्टी आकाशात मारली. तोही तास भरला.

बुधवारी दोन तास उरले आणि माणूस उरला नाही. डोंगरावरच्या वाडीत कोणाचं तरी छत घालायला सगळे गेले होते. बुजमा पट्टा हातात घेऊन गावभर फिरला. शेवटी त्याची नजर एत्तोच्या गाढवावर गेली.

"ते रोज शिंपल्यांची पोती आणायला समुद्रावर जातं की नाही?" त्याने एत्तोला विचारलं.

"जातं. पोटापर्यंत पाण्यात उभं राहतं."

"आणि गावचंच आहे."

"माझ्या घरी जन्मलंय!"

पट्टा आखूड पडला. त्याला दोरीचं ठिगळ जोडलं.

गुरुवारी दुपारी नौफलने पट्टा यंत्राला जोडला, आणि अर्ध्या तासाने तो धावत बलईदच्या घरी आला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एका पायात सपात, दुसऱ्यात बूट.

"बलईदकाका, बसा! नको, झोपा! नको, बसाच! तुम्हाला कल्पना आहे का तुमच्या छातीत काय आहे?"

बलईदने छातीवर हात ठेवला. "काय आहे?"

"बुधवारी दोन तास तुम्ही समुद्रात होतात, आणि ठोके साठच्या वर गेले नाहीत! विसाव्याला बेचाळीस! आणि सोमवारी तेच हृदय एकशे बहात्तरवर! सोमवारी काय केलंत?"

बलईदने आठवून पाहिलं. "सोमवारी... जरा बोलाचाली झाली."

"आणि मंगळवारी? पाऊण तास शांत, मग एकदम एकशे साठ!"

"मंगळवारी फार वाईट झालं," बलईद मनापासून म्हणाला.

"वाईट कसलं! असं हृदय मी पुस्तकातसुद्धा पाहिलेलं नाही! बेन्नानी मॅडमना फोन केलाय. उद्या त्या स्वतः बाकाची चाचणी बघायला येताहेत."

बेन्नानी मॅडम म्हणजे नौफलच्या वरच्या प्राध्यापिका.  नौफल गेल्यावर बलईदने पिशवी काढली आणि दोन सदरे भरले. एक परत बाहेर काढून ठेवला.

शुक्रवारी दहाची बस साडेदहाला आली. कल्तूम उतरली, आणि बापाच्या गालाला गाल लावतानाच तिने त्याच्या गळ्याला हात लावून ताप पाहिला. अकराला गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बेन्नानी मॅडम खुर्चीत बसल्या होत्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, बोलण्यात काटकसरी.

"एवढी माणसं कशाला?" त्यांनी विचारलं.

"सगळी त्यांचीच आहेत," नौफल म्हणाला. ते किती खरं आहे ते त्याला अजून कळायचं होतं.

बलईद बाकावर पालथा पडला. मुखवटा चढवला, हातात दोऱ्या दिल्या. पहिलं मिनिट बरं गेलं. दुसऱ्या मिनिटाला खांद्याने आठवण करून दिली. तिसऱ्या मिनिटाला दोऱ्या जड झाल्या आणि त्याचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. चौथ्याला मुखवट्यातून असा आवाज येऊ लागला, की दारातली मेंढी ओरडायची थांबली.

कल्तूम पुढे झाली. "बाबा, सोडा! नका करू! राहू द्या तो कागद!"

बलईदने मान हलवली. नाही.

"हात लावू नका," बेन्नानी मॅडम म्हणाल्या. "शेवटपर्यंत जाऊ द्या."

आता, तिझ्राच्या पाण्यात एकच कायदा आहे. कोणी हातपाय झाडताना दिसला की आपली लाट सोडायची आणि त्याच्याकडे जायचं. भांडण असलं तरी जायचं. हा कायदा फक्त पाण्यापुरता आहे, असं कोणी कधी म्हणालेलं नव्हतं.

"अरे, तो बुडतोय!" बुजमा ओरडला आणि त्याने उजवी दोरी धरली. सिफावने डावी धरली. बोटवाले भाऊ दोन्हीकडून घुसले. "हं, ओढा रे! एकदम! हेय्या!"

यंत्रावरचा ओढीच्या जोराचा आकडा उडी मारून वर गेला. मग आणखी वर गेला. सगळ्यांची नजर दोऱ्यांवर होती आणि नौफलची पडद्यावर. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मॅडम! बघताय ना? चार-पाच माणसांचं काम करताहेत, आणि ऑक्सिजन एकाच माणसाचा वापरताहेत!"

बेन्नानी मॅडमनी चष्मा पुसला, बाकाकडे पाहिलं आणि शांतपणे हात मोजले.

"नौफल," त्या म्हणाल्या, "यंत्र बरोबर आहे."

दोऱ्या हातांतून सुटल्या. बाकावरून बलईदने मुखवटा काढला आणि कुशीवर वळून श्वास घेत पडला. कल्तूमने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता, पण बघत होती ती बुजमाकडे.

"बुजमाकाका, हे काय चाललंय?"

आपली दखल राहून जाईल या भीतीने एत्तो पुढे सरसावली. "सोमवार माझा होता, बरं का! दोन तास! डॉक्टर, माझा दम किती भरला?"

"आमचा रविवार," बोटवाल्यांपैकी थोरला म्हणाला.

"अर्धा रविवार," धाकटा म्हणाला. "जास्त ठोके माझे असतील."

नौफल भिंतीला टेकला. "शनिवार?"

सिफावने हात वर केला. बुजमाने मंगळवार कबूल केला आणि पेनल्टीबद्दल दोन शब्द बोलला.

"आणि बुधवार?" बेन्नानी मॅडमनी कागद डोळ्यांसमोर धरला. "विसाव्याला बेचाळीस ठोके. हा माणूस कोण? मला भेटायचंय त्याला."

सगळ्यांनी एत्तोकडे पाहिलं.

"लाजू नका. बोलवा आत."

"आत नाही येणार," एत्तो म्हणाली. "पायऱ्या चढत नाही."

मॅडमनी दाराबाहेर पाहिलं. गाढवाने मॅडमकडे पाहिलं. दोघांनीही चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

तेवढ्यात नौफलच्या डोक्यात दुसरा विचार शिरला. तो शिरताना सगळ्यांना दिसला.

"बाकीचे अकरा पट्टे?" त्याने अगदी हळू विचारलं. "ते तरी ज्याचे त्याने..."

अकराच्या अकरा जण स्वतःच्या पायांकडे बघू लागले. कोणाची बोट निघाली होती, कोणाच्या बायकोचं बाळंतपण होतं, कोणाला पाहुणे आले होते. कामं काय, अडतातच.

"मग मी महिनाभर दम मोजला तो कोणाचा?"

"सगळ्यांचा थोडा थोडा," बुजमा त्याची समजूत घालत म्हणाला. "बस, बाळा. चहा घे."

कल्तूम बापाला बाहेर घेऊन गेली. भिंतीच्या सावलीत दोघं बसले. बलईदचा श्वास अजून जागेवर आला नव्हता.

"पिशवी भरलीय," तो म्हणाला. "एक सदरा राहिलाय."

"सदरा राहू द्या. आधी सांगा, तुम्ही त्यांना सांगितलं होतं हे करायला?"

"नाही. थांबवलंही नाही."

 कल्तूम एकदम तापली. "बाबा, गेल्या महिन्यात मला तीन दिवस ताप होता. हे कामावर. शेवटी समोरच्या बाईंनी दार वाजवलं. मला वाटलं, आल्या बिचाऱ्या विचारपूस करायला. कशाला आल्या होत्या माहितेय? माझी कचऱ्याची पिशवी जिन्यात राहिली म्हणून! चार वर्षं समोर राहतोय आम्ही! आणि इथे तुमचा खांदा दुखला तर गाढवाला कामाला लावतात!"

"गाढव चांगलं आहे ते."

"हसवू नका! मी रागावलेय." तिने ओढणीने त्याचं कपाळ पुसलं. "तिकडे आम्ही दोघं आठला निघतो ते सहाला येतो. तुम्ही काय कराल? खिडकीतून कचऱ्याच्या पिशव्या बघाल? मी तुम्हाला न्यायचं म्हणत होते, कारण तुम्ही एकटे आहात असं मला वाटत होतं."

बलईद म्हणाला, "घरात आहे एकटा."

"ते मला माहितेय, बाबा." ती म्हणाली. "आई गेल्यापासून माझ्याही घरात तसंच आहे."

आत कोणीतरी एत्तोला बाकावरून उतरवायचा प्रयत्न करत होतं आणि ती उतरत नव्हती.

"राहा इथेच," कल्तूम म्हणाली. "पण एकट्याने पाण्यात जायचं नाही. सिफाव किंवा बुजमाकाका, कोणीतरी बरोबर हवं. आणि खांदा बरा झाला की दम मोजून घ्यायचा. तुमचा! दुसऱ्या कोणाचा नाही!"

"घेतो."

"शप्पथ?"

"शप्पथ."

नमाजानंतर सगळ्यांनी कुसकुस खाल्लं. बेन्नानी मॅडमपुढे सात घरांतून ताटं आली. त्यांनी पाचव्यापर्यंत लढत दिली.

नौफलला सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. या वेळी त्याने पट्टे स्वतः बांधले, स्वतः सोडले, आणि बाकाच्या चाचणीला गाळ्याला आतून कडी लावली. तरी बुजमा खिडकीतून "ओढ, ओढ!" करायचाच. अकरा हौशींचे आकडे नीट निघाले. हौशी नसताना एत्तोचाही निघाला, कारण ती ऐकेना. तिचा दम पस्तिशीतल्या बाईचा आहे असं नौफल म्हणाला, आणि तेव्हापासून तिच्या सुनेला घरात कोणी सुखाने बसू देत नाही.

बलईदचं म्हणाल, तर पहिल्या आठवड्यात त्याचा खांदा दुखत होता. दुसऱ्या आठवड्यात लाटा इतक्या सुरेख लागल्या, की गाळ्यात जाऊन पालथं पडायचं म्हणजे वेडेपणाच. बुजमाला बरोबर घेऊन तो पाण्यात गेला. मागच्या खडकापर्यंत नाही, अर्ध्यापर्यंत. तिसऱ्या आठवड्यात नौफलने त्याला निरोप धाडला, पण त्या दिवशी सिफावच्या सासऱ्याचा सातू उभा होता आणि माणसं कमी होती. चौथ्या आठवड्यात यंत्र अगादीरच्या विद्यापीठात परत जायला निघालं. ते फार जड होतं. ट्रकवर चढवायला गाव जमलं, आणि सगळ्यात पुढे, बऱ्या खांद्यावर बाकाची एक बाजू घेऊन, बलईदच होता.

"काका, तुमची चाचणी?" नौफलने ट्रकमधून ओरडून विचारलं.

"हो, हो! पुढच्या वेळी!"

कल्तूम दर रविवारी फोन करते आणि पहिला प्रश्न तोच विचारते. तो दर वेळी खरं उत्तर देतो. बलईदचा दम अजून मोजायचा राहिला आहे.